अठरा पोरांचं बिरडं

साहेब, परिपत्रक तुमचंच होतं. 'बालकांस निसर्ग स्वहस्ते हाताळू द्यावा. धान्य रुजवून दाखवावे. प्रयोग न आढळल्यास मान्यता मिळणार नाही.' खाली सही तुमची. आणि खापर फोडलंत ते फणसवाडीतल्या बालवाडीवर! मान्यता नाही मिळाली की वाडीतली खोलीही जाणार, हे ठाऊक असून.

सुमतीबाईंनी पोरांना सांगितलं होतं, "घरून पाच-पाच कडवे वाल आणा." आता फणसवाडीत वाल मोजून कोण देतो? घरटी एकेक वाटी भरून आली. बश्या पुरेनात, तेव्हा सुमतीबाईंनी शेजारच्या रमाबाईंची पितळी परात मागून आणली, वाल भिजवले, वर ओलं फडकं टाकलं. परात कशाला, हे रमाबाईंनी विचारलंच नाही. वालाला परात लागते ती बिरड्यासाठी, यात विचारायचं काय?

पोरं रोज फडकं उचलून बोट लावून बघायची.

"बाई, माझ्या वालाला शेपूट आलं!" बेबी ओरडली.

"माझं मोठंय!" बंडूने आपलं दाखवलं.

तपासणी शुक्रवारी. नेमका त्याच दिवशी हरताळ. ट्राम नाही, बस नाही. सुमतीबाई डिलाईल रोडवरून चालत निघाल्या. किल्ली रमाबाईंकडे. त्यांनी दार उघडलं, पोरांना आत घेतलं आणि फडकं उचललं. ते मोड पाहून त्यांचा जीव कळवळला.

"अगं बाई! आणखी एक दिवस राहिले तर वाया जातील! बसा रे सगळे. कोमट पाण्यातून काढते, तुम्ही सोला. बंड्या, हळू! मोड मोडलास तर बघ!"

"रमाआजी, आत दोन फाकी आहेत!"

"असणारच. मध्ये काय दिसतंय?"

"पान! इवलंसं पान!"

"तेपण शिजतं. पुढचा घे."

अकराच्या सुमारास सुमतीबाई घामाघूम होऊन पोचल्या. पाटावर बिरड्याची वाटी घेऊन कोण? तुम्ही! तुम्हीही चालतच आला होतात, वाटेतलं एकूण एक हॉटेल बंद, पोटात कावळे.

"या बाई! खाऊ झकास हां! रमाबाई, आणखी एक वाटी येऊ द्या."

दुसरी वाटी चाटूनपुसून झाल्यावर तुम्ही मिशा पुसल्यात, वही उघडलीत. "हं, आता प्रयोग दाखवा."

सुमतीबाईंनी परातीकडे पाहिलं. परातीत सालं.

"तुम्ही खाल्लात की!" बंडू म्हणाला.

"साहेब, वालाच्या आत काय असतं, ते पोरांना विचारा तरी," सुमतीबाई काकुळतीला आल्या.

"दाखवा म्हटलं मी. सांगा नाही म्हटलं."

बंडूचं डोकं फिरलं. वाडीत सहा महिने मोर्च्यांचा 'झालाच पाहिजे' हा एकच सूर घुमत होता, तो त्याला पाठ. "आमचे वाल परत मिळालेच पाहिजेत!"

"मिळालेच पाहिजेत!" अठरा गळे. तुम्ही टोपी सावरत जिना उतरलात.

आठवड्याने कागद आला. 'प्रयोग आढळला नाही. मुलांस घोषणा शिकविल्या जातात. मान्यता नामंजूर.' सुमतीबाईंचे डोळे भरले. तेवढ्यात मागे टाचणीने लावलेली चिठ्ठी दिसली. अक्षर तेच. 'खासगी. घरी दोनदा करून पाहिले, कडूच होते. वाल किती भिजवावे, मोड केवढे येऊ द्यावे, रमाबाईंना विचारून कळवावे.'

भरल्या डोळ्यांनीच सुमतीबाई हसत सुटल्या. रमाबाईंना त्यांनी विचारलंच नाही. पोरांना गोल बसवलं. पोरं सांगत गेली, बाई लिहीत गेल्या.

"रात्रभर भिजवायचे."

"पाणी बदलायचं!"

"फडकं ओलं ठेवायचं. रोज बोट लावून बघायचं."

"शेपूट माझ्या नखाएवढं झालं की सोलायचं. आतलं पान फेकायचं नाही."

"बाई, आणखी एक लिहा," बेबी म्हणाली. "आम्ही प्रयोग नाही केला, तर आम्हाला हे कसं कळलं?"

साहेब, त्या पत्राला महिना झाला. बिरडं आता फक्कड जमतं, असं तुमचा शिपाईच वाडीत सांगून गेला. मग पोरीच्या प्रश्नाचं काय? उत्तर द्या. लेखी द्या. आणि खासगी नको, सही-शिक्क्याचं द्या!