जिन्यातली जास्वंद

वडील बोल्दिझार गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्याआधी एतेल्कानं त्यांची जास्वंद एकटीनं अंगणातून जिन्यात ओढत आणली. सेगेद शहरातल्या त्या इमारतीत गारठा पडू लागला की सगळ्यांच्याच कुंड्या जिन्यात मुक्कामाला येत. पण माणसाएवढी जास्वंद एकच होती. शेजारी हात लावायला आले, तर "बाबा एकटेच आणायचे," म्हणून तिनं त्यांना वाटेला लावलं. जास्वंद वसंतापर्यंत जगवायची, तीही कुणाच्या मदतीशिवाय, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

जानेवारीत पानं पिवळी पडून गळू लागली. तिनं पाणी दिलं होतं जेमतेम घोटभर, आणि कुंडीत तर चिखल. तिनं खोडाला पाटी अडकवली: पाणी घालू नये. पाटी सगळ्यांनी वाचली आणि ती इतरांसाठी आहे, असं प्रत्येकानं मानलं. पानं आणखी गळली, तसा शेजाऱ्यांना आणखी कळवळा आला.

एका सकाळी कुंडीखालची ताटली भरून वाहिली. पाणी पायऱ्या उतरून उंबऱ्याशी गेलं आणि तिथंच गोठलं. इमारतीचं दार उघडेना. कोट-टोप्या चढवून सगळे आत अडकले.

"कोण कोण ओततं, सांगा," एतेल्का वरच्या पायरीवरून म्हणाली.

गिझेलाकाकू उरलासुरला सोडा ओतत होत्या. "बुडबुड्यांनी तरतरी येते गं, पोरी." वरच्या मजल्यावरचे केलेमेनकाका चहा ओतत होते, पण बिनसाखरेचा, हे त्यांनी बजावून सांगितलं. बाकीचे आपापल्या बुटांकडे बघत राहिले.

एतेल्काचा संयम सुटला. "अहो, हिवाळ्यात झाड झोपतं. झोपलेल्याच्या तोंडात पाणी ओतता का तुम्ही घरी?"

केलेमेनकाकांनी टोपी काढली.

"बोल्दिझार दर जानेवारीत हेच बोलायचा," ते म्हणाले. "त्याच पायरीवरून. मग आम्ही थांबायचो. यंदा कुणी रागावलंच नाही, म्हटलं चालत असेल."

एतेल्का पायऱ्या उतरून कुंडीपाशी आली.

"कोरड्या मातीत हलवायला हवी," ती म्हणाली. "धरा एका बाजूनं."

चौघांनी कुंडी उचलली.

"डावीकडं घे," केलेमेनकाका म्हणाले.

"मला शिकवू नका."

"हेही त्याचंच वाक्य," मागून गिझेलाकाकू म्हणाल्या. "आणि कुंडी उचलायला दरवर्षी आम्हीच."