बावन्नवरचा टीव्ही आणि बाबांचा रिफंड

आमच्या टीव्हीच्या आवाजाला शून्य ते साठ असे एकसष्ट टप्पे आहेत. बाबा बातम्या बावन्नवर ऐकतात. फोनमधल्या ॲपने मी मोजलंय: सोफ्यावर त्र्याऐंशी डेसिबल, स्वयंपाकघरात चौऱ्याहत्तर, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या हॉलमध्ये (त्यांनीच हाताला धरून मोजायला नेलं) एकसष्ट. घरात माणसं तीन, कान सहा, त्यांतले चालू चार.

बाबांना कानाचं मशीन घ्यायचं होतं. दुकानदाराने एक दहा मिनिटं लावून दाखवलं, तर बाबा खिडकीकडे बघून म्हणाले, "बाहेर चिमणी आहे." आई तिथेच डोळे पुसायला लागली. मग दुकानदाराने किंमत सांगितली. मशीन कानात असल्यामुळे तीही स्पष्ट ऐकू आली, आणि बाबांनी मशीन काढून काउंटरवर ठेवलं.

"रिफंड आला की बघू."

बाबांच्या पेन्शनमधून जास्त कापला गेलेला कर परत मिळायचा होता. तो जवळजवळ मशीनएवढाच होता.

"रिफंड माझ्यावर सोडा," मी म्हणाले. "पदार्थविज्ञानाची पदवी आहे माझ्याकडे. एक फॉर्म भरता येणार नाही?"

फॉर्म भरला. रिफंड निघालासुद्धा, आणि बँकेच्या उंबऱ्यावरून माघारी गेला. कराच्या कागदांवर बाबांचं पूर्ण नाव होतं, खात्यावर नुसती आद्याक्षरं. मी लगेच बँकेकडे नाव दुरुस्तीचा ऑनलाइन अर्ज केला. कराच्या साइटवर ओळ उमटली: 'बँकेकडून पडताळणी बाकी.'

मग मी ती ओळ बघत बसले. सकाळी उठल्यावर, बसस्टॉपवर, प्रयोगशाळेत काहीतरी उकळत असताना. नुसतं निरीक्षण केल्यानेही गोष्ट बदलते, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. या ओळीला ते कुणी शिकवलं नव्हतं.

त्याच आठवड्यात खालच्या काकूंना एका भामट्याचा फोन आला. "तुमचा रिफंड आलाय, ओटीपी सांगा." काकू वाचल्या त्या केवळ फोनची बॅटरी संपली म्हणून. मी हादरले आणि जिन्यातच बिल्डिंगची सभा घेतली.

"नियम एकच. रिफंडबद्दल फोन करणारा माणूस चोर."

"प्रत्येक?" आईने विचारलं.

"प्रत्येक. अपवाद शून्य."

टाळ्या पडल्या. मी थोडीशी वाकले पण.

बाबांना फोनवर ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांचा फोन आई घेते. हे वाक्य मला तेव्हा सुचायला हवं होतं.

पुढच्या शनिवारी दुपारी मी घरी आले, तर जिन्यात गर्दी. आमच्या दाराबाहेर स्टुलावर एक गृहस्थ मांडीवर फाईल घेऊन घामाघूम बसलेले. एका बाजूला वॉचमनकाका, दुसऱ्या बाजूला फरशी पुसायचा दांडा घेऊन खालच्या काकू. दारात आई, लढाई जिंकून आल्यासारखी.

"सापडला," आई म्हणाली.

"कोण?"

"रिफंडचोर. आठवडाभर रोज फोन. तीन नंबर ब्लॉक केले मी. आज तर घरीच आला. सही मागतोय!"

"ताई," ते गृहस्थ मला म्हणाले, "मी बँकेतून आलोय. नाव दुरुस्तीचा अर्ज आलाय. खातेदाराने हो म्हटल्याशिवाय तो पुढे जात नाही. आमच्या शाखेचे दोन्ही फोन यांनी ब्लॉक केले. मग मी स्वतःच्या फोनवरून केला, तर तो नंबर यांनी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. चार दिवस झाले, लोक मला फोन करून शिव्या देतायत. एक आजोबा तर रोज सकाळी न चुकता."

"ओळखपत्र दाखवा."

"यांनी जप्त केलंय."

"खोटं आहे ते," वॉचमनकाका म्हणाले. "फोटोत हसतोय. बँकवाले कधी हसतात का?"

"हिनेच शिकवलंय आम्हाला सगळं," आईने माझ्या पाठीवर हात ठेवला. "अपवाद शून्य."

त्या गृहस्थांनी फाईल उघडून बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "अर्ज करणारी मुलगी म्हणजे तुम्हीच?"

"हो."

"म्हणजे बोलावलंत तुम्हीच आणि पकडवलंतही तुम्हीच."

तरी पुरावा हवाच, म्हणून मी आत गेले. बाबा दाराकडे पाठ करून बातम्या बघत होते, बावन्नवर. त्यांच्या दारात अर्धी बिल्डिंग गोळा झालीय याचा त्यांना पत्ताच नव्हता. मी खांद्याला हात लावून त्यांना बाहेर आणलं.

बाबांचा चेहरा उजळला. "अरे, तुम्ही! आणि स्टुलावर का बसलाय?" मग आमच्याकडे वळून म्हणाले, "हे बँकेतले. पेन्शन काढायला गेलो की माझ्याशी कागदावर लिहून बोलतात. सगळ्या शाखेत न ओरडणारा हा एकच माणूस."

काकूंनी दांडा हळूच पाठीमागे नेला. वॉचमनकाकांनी ओळखपत्र शर्टाला पुसून परत दिलं. बँकवाल्यांना सोफ्यावर बसवलं, पंखा लावला, पाणी दिलं. त्यांनी कागदावर लिहिलं, 'अर्ज तुमचाच ना?' बाबांनी मान हलवून सही केली. सगळं काम दोन मिनिटांचं.

निघताना ते दारात थबकले. "मॅडम, तेवढा नंबर ग्रुपवरून..."

"आत्ताच काढते," आई म्हणाली. "त्या आजोबांनाही सांगते, फोन करू नका म्हणून."

"त्यांचं राहू द्या," ते म्हणाले. "शिव्या झाल्या की तब्येतीची चौकशी करतात."

गुरुवारी ओळ बदलली: 'रिफंड जमा.' मी प्रयोगशाळेत स्टुलावरून उठले, ओळ पुन्हा एकदा वाचली. घरी फोन केला.

"आई, बँकेचा मेसेज आला का?"

"आला होता. रिफंड असं लिहिलेलं होतं, म्हणून उडवला."

पैसे मात्र खात्यात होते. शनिवारी आम्ही तिघं त्याच दुकानात गेलो. या वेळी बाबांनी किंमत ऐकली आणि मशीन कानातच राहू दिलं. येताना त्यांनी रस्त्यातल्या सगळ्या आवाजांची ओळख करून घेतली: सायकलची घंटा, कुणाच्या तरी चपला, माझं नाक ओढणं.

संध्याकाळी ते सोफ्यावर बसले आणि रिमोटचं बटण खाली खाली दाबत गेले. तेवढ्यात आईने स्वयंपाकघरातून, गेली चार वर्षं मारते तशीच, हाक मारली.

"जेवायला चलाऽऽ!"

बाबा सोफ्यावरून अर्धे उठले. "अगं, ओरडतेस कशाला?"

"मी कुठे ओरडतेय?"

मी फोन काढून मोजलं. टीव्ही अठरावर, सोफ्याजवळ बावन्न डेसिबल. आई, स्वयंपाकघराच्या दारातून, एक्क्याऐंशी.