लीलाअक्काच्या घराचं लॉगिन

मिरजेत लीलाअक्काचं घर फक्त लॉगिन केलेल्या माणसांनाच उघडत असे. बाकीच्यांनी दार ढकलून उंबरा ओलांडला, की ते पुन्हा व्हरांड्यातच निघत. दूधवाला, पोस्टमन, समोरच्या काकू सगळे लॉगिन करून आत जात, पाणी पीत. कुणाची काही तक्रार नव्हती.

धाकटा भाऊ भालचंद्र मात्र हुबळीहून अकरा वर्षांनी आला होता. त्यानं चार वेळा उंबरा ओलांडला आणि चारही वेळा व्हरांड्यात निघाला.

मग दार बोललं. आवाज जुन्या कारकुनाचा; वाईट नाही, पण घाईतलाही नाही. त्यानं सांगितलं, की साहेबांचं नाव दप्तरी आहे, पण बंद. निघताना माणूस "येतो" म्हणाला, तर लॉगिन चालू राहतं. "जातो" म्हणाला, तर संपतं. साहेब "जातो" म्हणाले होते. तेही मोठ्यानं.

खरंच होतं ते. अक्कानं त्याच्या पेटीवादनाला नुसतं "बरं आहे" म्हटलं होतं, एवढ्यावरून.

नव्या अर्जाला पंधरा दिवस लागणार होते. भालचंद्रची गाडी साडेचारची होती, आणि सोमवारी डोळ्यांचं ऑपरेशन. डॉक्टर "बघू" म्हणाले होते. त्याआधी अक्काचा चेहरा एकदा पाहून घ्यावा, म्हणून तो आला होता.

"अक्का, तूच ये ना बाहेर," तो दाराला तोंड लावून म्हणाला.

"मघाशीच आलेय की," आवाज अगदी कानाशी आला. "व्हरांड्यातच उभी आहे. तूच दिसत नाहीस."

आतल्यांचा व्हरांडा वेगळा असतो, असं दारानं नम्रपणे स्पष्ट केलं.

तेव्हा कुठे भालचंद्रनं डोळ्यांचं सांगितलं. अक्कानं डॉक्टर कोण, एवढंच विचारलं. आत जाऊन गॅस बंद करून आली आणि दाराला म्हणाली, "जाते मी."

"बाईसाहेब, पुन्हा यायला पंधरा दिवस लागतील."

"लागू देत."

आणि ती त्याच्या समोर होती. पदराला हात पुसत, पुढचे दोन दात गेलेली, वीतभर बुटकी झालेली. भालचंद्रनं चष्मा पुसून पुन्हा नीट पाहिलं.

"म्हातारी झालीस गं."

"तू काय पाळण्यात आहेस? चल आता. पट्टी सोडतील तेव्हा समोर कोण बसणार आहे तुझ्या?"

दारानं दोघांचे अर्ज घेतले, पोच दिली. अक्काच्या चपला आतल्या व्हरांड्यात राहिल्या होत्या, म्हणून भालचंद्रनं आपल्या काढून दिल्या. तिला त्या फार मोठ्या होत्या. स्टेशनपर्यंत फटक फटक वाजत गेल्या.