सात पिल्लांची धाप

सातही पिल्लं चोची उघडून धापा टाकत होती आणि त्यांच्या खोक्यात डोकं घालून बसलेले कंपाउंडरकाका म्हणत होते, "कफ. दुसरं काही नाही, कफच आहे."

"उकडत असेल त्यांना," काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

"पिसं असतात त्यांना उकडत नाही."

"मग स्वेटर घालून बसा तुम्ही आता."

काकांनी हे ऐकलं नसल्यासारखं केलं. अडतीस वर्षं एका दवाखान्यात डॉक्टरांच्या पाठीमागे उभं राहून त्यांनी पुड्या बांधल्या होत्या. गल्लीतले लोक त्यांना 'अर्धे डॉक्टर' म्हणत. त्यातलं 'अर्धे' लोकांनी उगाच लावलंय, असं काकांचं मत होतं.

पिल्लं त्यांच्या धाकट्या बहिणीची. तिनं घरामागे बदकं पाळली होती. भावाशी तिचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. गुडघेदुखीवर त्यानं स्वतःच्या डोक्यानं एक औषध दिलं, तिच्या अंगभर चट्टे उठले, आणि हा म्हणाला, "छान! रोग बाहेर पडतोय." तेव्हापासून अबोला. पण आता तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, शेजारीण परगावी गेली, दुसरं कोणी मिळेना, म्हणून खोकं घेऊन ती स्वतः दारात आली.

"चार दिवस सांभाळ," ती खोक्याकडे बघतच म्हणाली. "दाणा, पाणी आणि दिव्याची ऊब. बाकी काही करू नकोस. काही वाटलं तर फोन कर."

"काही करू नकोस म्हणजे? मी काय करतो?"

"तेच," बहीण म्हणाली आणि गेली.

पण आली होती. पोचवायला फाटकापर्यंत गेलेले काका परत आले तेव्हा त्यांचे डोळे जरा ओले होते. पिल्लं धडधाकट परत करायची, म्हणजे मागचं सगळं मिटेल, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. घोटाळा झाला तो तिथंच. जीव लावायचा म्हटलं की काहीतरी करावंच लागतं, नुसतं बसून राहता येत नाही, असा काकांचा स्वभाव.

तर आता दुसऱ्याच दिवशी ही धाप. पिल्लं दिव्यापासून लांब, पार पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन पडली होती.

"बघ, अंगात त्राण नाही. दिव्यापर्यंत चालत जाता येत नाही बिचाऱ्यांना," काका म्हणाले आणि त्यांनी दिवाच त्यांच्याजवळ नेला.

पिल्लं धडपडत दुसऱ्या कोपऱ्यात गेली. काकांनी दिवा तिकडे नेला. पिल्लं परत पहिल्या कोपऱ्यात.

"झटके येतायत," काका गंभीर झाले.

"अहो, ती पळतायत तुमच्यापासून!"

काकांनी दोन्ही कोपऱ्यांत एकेक दिवा लावला, म्हणजे प्रश्नच मिटला. मग वाऱ्याची झुळूक नको म्हणून खिडक्या लावल्या. फटीत जुनं धोतर कोंबलं. खोक्याखाली गरम पाण्याची पिशवी सरकवली. तरी धाप थांबेना, तेव्हा पातेल्यात पाणी उकळून त्यात बाम टाकला आणि खोक्यावर चादर पांघरून वाफ दिली. काकूंचं चोंदलेलं नाक मोकळं झालं, पिल्लांच्या माना मात्र लटकायला लागल्या.

"वन्संना फोन करा," काकू म्हणाल्या.

"आणि काय सांगू? दोन दिवसांत आजारी पाडली म्हणून?"

काकांनी खोकं उचललं आणि चालत जनावरांच्या दवाखान्याकडे निघाले. हातात धरायला चादर आड येत होती, ती त्यांनी खांद्यावर टाकली. वीस मिनिटांची वाट, समोरून चांगला वारा. पोचले तेव्हा पिल्लं खोक्याच्या कडेवरून माना काढून रस्ता बघत होती.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं एकेक पिल्लू उचलून बघितलं. "काय होतंय यांना?"

"घरी अगदी शेवटच्या घटका मोजत होती हो!"

"दिवा फार जवळ नाही ना?"

खरं सांगायची ती वेळ होती. पण नातीच्या वयाची ती पोर आणि हे अडतीस वर्षं मुरलेले कंपाउंडर. "उबेचं मला नका शिकवू," ते म्हणाले. "तेवढं कळतं मला."

घरी आल्यावर त्यांनी दोन्ही दिवे पुन्हा लावले. बाहेरचं वारं लागलं होतं ना, म्हणून वाफ दोनदा दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा दवाखान्याच्या पायरीवर होते. खोकं खाली ठेवलं. वारा लागला तशी सहा पिल्लं हळूहळू उठली. सातवं, ज्याच्या चोचीवर काळा ठिपका होता आणि जे पहिल्या दिवशी त्यांच्या तळहातावरचा दाणा टिपत होतं, ते उठलं नाही. डॉक्टरणीनं ते हातात घेऊन बघितलं आणि बाजूला टेबलावर ठेवलं.

"रस्त्यात बरी होतात आणि घरी आजारी पडतात," ती म्हणाली. "काका, घरी काय काय करता ते सगळं सांगा."

या वेळी काकांनी सगळं सांगितलं. दोन दिवे, पिशवी, खिडक्या, धोतर, बाम. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"उकाड्यानं धापा टाकत होती ती," डॉक्टरीण सावकाश म्हणाली. "थंडी वाजली की पिल्लं दिव्याखाली गोळा होतात. उकडलं की लांब पळतात आणि चोची उघडतात. त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं हो."

काकूंनीही सांगितलं होतं. सगळ्यांनीच सांगितलं होतं.

घरी काकूंनी डोळे पुसले, खिडक्या उघडल्या आणि म्हणाल्या, "बाजारातून तस्संच एक आणू या. वन्संच्या डोळ्याला पट्टी आहे, कुठं कळणार?"

काकांना मोह झाला नाही असं नाही. पण त्यांनी फोन लावला. बहिणीनं उचलल्यावर सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "कफ नव्हता. माझ्यामुळे गेलं ते. मला कळत नाही गं यातलं."

काका शिव्या खायच्या तयारीत उभे राहिले.

"दादा," बहीण म्हणाली, "गेल्या खेपेला माझी चार गेली. अशीच. मीही दिवा त्यांच्या मागे मागे नेत होते."

"काय? मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायला हवं होतं. पण मग ती चार कशी गेली तेही तुला सांगावं लागलं असतं."

काका फोन घेऊन खोक्यापाशी जाऊन बसले. खोक्यात सहा पिल्लं पाण्यात चोची बुडवून चुळचुळ आवाज करत होती.

"दिवा आता कुठं आहे?" तिनं विचारलं.

"बंद करून टाकला."

"अरे, एकदम बंद नाही करायचा, लहान आहेत अजून. एकच ठेव. उंच टांग, आणि एका कडेला. त्यांची ती ठरवतील कुठं बसायचं."

"बरं."

"खिडकी?"

"उघडी आहे. मीच गारठलोय. मघापासून शिंकतोय."

"मग काय घेतलंस सर्दीला?"

काकांनी कपाटातल्या ओळीनं मांडलेल्या बाटल्यांकडे एकदा पाहिलं.

"अजून काही नाही," ते म्हणाले. "तू सांग."