बाळाला देऊ नये

रविवारी संध्याकाळी सातपर्यंत चाळीसच्या चाळीस बरण्या विकल्या गेल्या नाहीत, तर गच्चीवरच्या चारही मधपेट्या मामेभावाच्या शेतावर पोहोचवायच्या, असा करार नवरा-बायकोत झाला होता. अट बायकोची. सोमवारी त्यांची ठकी वर्षाची होणार होती आणि खुर्ची धरून उभी राहू लागली होती. उभे राहिलेले मूल पुढे चालते, चालणारे मूल जिना चढते आणि जिन्याच्या टोकाला गच्ची असते, एवढा विचार तिने महिनाभरात रोज निदान दोनदा केला होता.

नवऱ्याने अट लगेच मान्य केली. त्याचा माश्यांवर विश्वास होता. मध निघाला एकेचाळीस बरण्या. एकेचाळिसावीच्या बुडाशी त्याने पेनाने 'ठकी' असे लिहिले आणि ती कपाटात ठेवली. लेकीच्या तोंडात मधाचा पहिला चमचा जाईल तो घरच्या मधाचा, वाढदिवसाच्या दिवशी, अशी त्याची वर्षभराची हौस होती.

शनिवारी सकाळी इमारतीच्या जिन्याखाली टेबल मांडले आणि भावावरूनच ठिणगी पडली.

"दुकानात अशी बरणी चारशेला आहे. आपण दोनशे लावू," नवरा म्हणाला. "घरचाच तर मध. माश्या काय बोनस मागतायत?"

"तुला सहा ठिकाणी चावल्या, त्याचं काय?"

"ते प्रेमानं."

दोनशेची पाटी लागली. पहिले गिऱ्हाईक कोपऱ्यावरचे शिंपीकाका. त्यांनी बरणी उजेडात धरली, तिरकी केली आणि खाली ठेवली.

"दोनशे म्हणजे निम्मा पाक असणार."

दुपारी पाटी बदलून चारशे केले. शिंपीकाका पुन्हा आले.

"दुकानात पण चारशेच. मग दुकानातूनच नेऊ की, बिल तरी मिळेल."

आता नवरा इरेला पेटला. त्याने चाळिसातली एक बरणी फोडली आणि सांगितले, "चाखून बघा, मग बोला!" लोकांनी चाखले. शिंपीकाकांनी एकदा नुसता चाखला, एकदा पाण्यातून आणि एकदा चव विसरली म्हणून. तासाभरात बरणीचा तळ दिसू लागला आणि विक्री झाली एक. ती घेतली तळमजल्यावरच्या मास्तरांनी. फुकटचे चाखून तसेच निघून जाणे त्यांना जमेना.

संध्याकाळी उरलेल्या बरण्या वर आणल्या, तेव्हा तिच्या लक्षात आले की महत्त्वाची गोष्ट लिहायचीच राहिली आहे. तिने लाल स्केचपेन घेतले आणि प्रत्येक बरणीवर, आतला मध जेमतेम दिसेल इतक्या ठसठशीत अक्षरांत लिहिले : 'एक वर्षाखालील बाळाला देऊ नये.' नवरा येईपर्यंत कपाटातली बरणीसुद्धा त्यातून सुटली नव्हती.

"अगं, विषाच्या बाटलीवर पण एवढी मोठी अक्षरं नसतात!"

"डॉक्टरांनी सांगितलंय. मध कितीही शुद्ध असू दे, इतक्या लहान बाळाला त्यातल्या जंतूंनी मोठं दुखणं होऊ शकतं."

"माहितीय मला. म्हणून तर ठकीला वर्षभर नखभर दिला नाही. पण बारीक अक्षरांत मागे लिहायचं ना! मुद्दाम करतेयस तू. पेट्या जाव्यात म्हणून."

हे तिला लागले. पेट्या जाव्यात असे तिला मनापासून वाटत होते, पण सरळ मार्गाने. लबाडी करून जिंकायला ती काही शिंपीकाका नव्हती. "उद्या टेबलावर मी बसते," ती म्हणाली.

रविवारी सकाळी ठकीला मांडीवर घेऊन ती बसली. पहिल्या आल्या सर्वांत वरच्या मजल्यावरच्या आजी.

"दोन दे गं. नातू खोकतोय."

"किती महिन्यांचा?"

"चौथा सरला."

"मग नाही देता येणार, आजी. त्याला डॉक्टरांकडे न्या."

"त्याला कुठं देत्येय? मला दे."

"तुम्ही त्याला द्याल."

"बोट लावून चाटवीन फक्त!"

"बघा!"

आजींनी बटवा उघडला. तो बंद व्हावा म्हणून तिच्या तोंडून निघून गेले, "आठशेला एक आहे."

"देते आठशे."

"तरी नाही."

आजींनी बटवा मिटला. सत्तर वर्षांत त्यांना हुंडा देऊ करूनही मुलगी नाकारलेली माहीत होती, पैसे देऊ करूनही माल नाकारलेला माहीत नव्हता. त्या तडक वाण्याकडे गेल्या, तिथून गिरणीत आणि मग शिंप्याच्या दुकानात. तिन्ही ठिकाणी त्यांनी एकच सांगितले, "अस्सल आहे हो! आठशे मोजत होते, तरी दिला नाही बाईनं. म्हणे, लहान जिवाला झेपायचा नाही."

अकरापर्यंत जिन्याखाली रांग लागली. रांगेत पहिले शिंपीकाका.

"घरात वर्षाच्या आतलं कुणी?" तिने विचारले.

"धाकटा अठ्ठावीसचा आहे. अजून अक्कल आलेली नाही, पण दात आलेत."

"चारशे द्या."

"चारशेवाला नको. आजींना नाकारलात तो द्या."

"तोच आहे हा."

"मग त्यांना आठशे का सांगितलेत?"

उत्तर नवऱ्याने दिले. त्याने मागच्या मागे पाटी फिरवली आणि सहाशे लिहिले. शिंपीकाकांनी दोनशे वाचल्याच्या समाधानात दोन बरण्या उचलल्या.

तिने मात्र चौकशी सोडली नाही. पाहुणी म्हणून आलेल्या भाचीचे बाळ, शेजारणीचे सांभाळायला येणारे बाळ, पुढच्या महिन्यात होणारे बाळ, सगळे तिने खोदून खोदून विचारले. तिघींना परत पाठवले. परत गेलेली प्रत्येक बाई जाताना चारजणांना सांगत गेली. नवरा मागे उभा राहून, असली जाहिरात आपल्याला का सुचली नाही, या विचारात पिशव्या देत होता.

सातला पाच कमी असताना टेबल रिकामे झाले. नवऱ्याने हात झटकले. तिने शांतपणे सांगितले, "एकोणचाळीस."

"म्हणजे?"

"एक तू चाखायला फोडलीस. ठरलेत चाळीस."

नवऱ्याचा चेहरा त्या बरणीसारखाच झाला. तेवढ्यात मास्तर आले. "आणखी एक मिळेल का?"

"घरात वर्षाच्या आतलं कुणी?" तिने सवयीने विचारले.

"मी आणि मांजर. दोघंही वर्षावरचे."

नवरा जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेला आणि तसाच बरणी घेऊन खाली आला. मास्तरांनी सहाशे मोजले, तेव्हा सातला एक मिनिट बाकी होते. चाळीस!

"आता आठ पेट्या करू," नवरा म्हणाला.

"गच्चीच्या दाराला कडी," ती म्हणाली. "आजच. आणि वरच्या बाजूला."

सोमवारी सकाळी नवा फ्रॉक घातलेली ठकी खुर्ची धरून उभी होती. नवऱ्याने चमचा धुतला, पुसला, कपाट उघडले; बरणीची जागा रिकामी होती. त्याने चमचा पुन्हा जागेवर ठेवला. ते पाहून तिला वाईट वाटले. ठकीला कडेवर घेऊन ती मास्तरांकडे गेली. मास्तरांची पहिली बरणी त्यांच्या बहिणीकडे पोहोचली होती.

"आणि कालची?"

मास्तरांनी मांजराकडे पाहिले. "ती आजींनी मागवली होती. तुम्ही घरातलंच विचारलंत हो."

ती धापा टाकत सर्वांत वरच्या मजल्यावर पोहोचली. "आजी, बाळाला दिला नाहीत ना?"

"कुठला देत्येय! सूनबाईनं तुझी ती लाल अक्षरं वाचली आणि बरणी थेट वरच्या फळीवर. बाळाला नेलं डॉक्टरकडे. माझ्या घशाला घ्यायचा तर मी स्टुलावर चढते."

मग तिने येण्याचे कारण सांगितले. आजींनी स्टूल ओढले, बरणी काढली, उलटी करून बुडाशी लिहिलेले नाव वाचले आणि ठकीकडे चष्म्यावरून पाहिले.

"किती महिन्यांची?"

"आज वर्षाची झाली."

"जन्म किती वाजताचा?"

"दुपारी सव्वादोनचा."

आजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली, बरणीचे झाकण घट्ट केले आणि ती पुन्हा वरच्या फळीवर ठेवली.

"मग अडीचला या."