पूर्ण वर्तमानकाळाचा उतारा

साधा भूतकाळ आणि पूर्ण वर्तमानकाळ यांतला भेद समजावण्यासाठी बाळाजी मास्तरांनी नलूच्या बापालाच समुद्रात सोडले, आणि तिथेच ते चुकले.

दिघीजवळच्या त्या कोळीवाड्यात इंग्रजीपर्यंत पोहोचलेली नलू ही पहिलीच मुलगी. सोमवारी तिची परीक्षा होती. मास्तर तिच्याच घराच्या पडवीत राहत. माणगावकडच्या भातखाचरांतून आलेले, आणि काळाविषयी बोलताना डोळे मिटून घेणारे.

"वेंट म्हणजे गेला. ती घटना बुडाली, तिचे तरंगही विरले," ते म्हणाले. "हॅज गॉन म्हणजे गेला, पण ते जाणं अजून सरलेलं नाही. उंबऱ्यावर त्याची रिकामी जागा आहे. म्हण, माय फादर हॅज गॉन टू सी."

नलूने खणखणीत म्हटले. आत मासळी साफ करणाऱ्या तिच्या आईचा, चंद्राबाईचा, हात थांबला.

"काय गो बोललीस?"

"आपला बापूस दर्यावर गेला, तो अजून आला न्हाय."

विळी आडवी झाली.

निरोप घेताना 'जातो' म्हणू नये, हे मास्तरांच्या गावीही पाळत. पण या किनाऱ्यावर ते पथ्य माणूस परत येईपर्यंत चाले. होडी पाण्यावर असेतो कुणी 'गेला' म्हणत नसे, 'येतोय' म्हणत. आणि नलूच्या बापाची, गुणाजीची होडी सकाळीच यायची होती. आता ऊन कलले होते.

"रोज कालवन वाढते, त्याचे असे पांग फेडलेत व्हय मास्तर?" चंद्राबाईने नलूचे पुस्तक उचलून उंच फळीवर टाकले. "बंद ही विंग्रजी! सोमवारी जायचं न्हाय. मावरं इकेल माझी पोर, पन बापाला बुडवनार न्हाय."

"बाई, ते नुसतं उदाहरण होतं."

"मंग तुमच्या बापाचं द्यायचं!"

"माझे वडील शेतात असतात."

"तेच तर! त्यांना बुडायची काय भीती?"

नलू भिंतीकडे तोंड करून रडत होती. शेवटी चंद्राबाईनेच वाट दाखवली. "उतारा करा. ज्यानं बोललं त्यानंच उलटं बोलायचं, दर्याकडं तोंड करून. त्याच भाषेत."

"फादर केम," मास्तर घाईने म्हणाले.

"म्हंजे?"

"आला."

"आन् आता घरात हाय?"

सचोटीने मास्तरांचा घात केला. "तसं त्यातून सांगता येत नाही. आला असेल, पुन्हा बाहेरही पडला असेल."

"पुन्हा बाहेर? दुसरं काडा!"

"फादर हॅज कम. आला, आणि आहे."

"हां. ह्येच."

वाळूवर तिघे ओरडू लागले. शेजारच्या सगुणाचा नवरा त्याच होडीवर होता. ती सामील झाली. मग बायजा आली. मग जिचे कुणीच पाण्यावर नव्हते तीही आली, शकुनाला काही उणे पडू नये म्हणून. ओहोटीच्या उदास, विस्तीर्ण पाण्यावर 'हॅज कम'ची भरती चढू लागली. मुंबईच्या व्यापारात चार इंग्रजी शब्द उचललेला दयाराम मासळीवाला ती ऐकून टोपल्यांसकट धावत आला.

"कुठं हाय होडी?"

"यायची हाय."

"मंग आली आली काय वरडता?"

"असंच वरडायचं असतं," चंद्राबाई म्हणाली. "उभा हायस तर तूबी वरड."

दयाराम ओरडू लागला.

इकडे वारा पडल्यामुळे गुणाजीने होडी खाडीपलीकडच्या आगरदांड्याला लावली होती, आणि सगुणाच्या नवऱ्याला तिच्या राखणीला ठेवून तो प्रवाशांच्या तरीतून दिघीला उतरून मागल्या वाटेने घरी पोहोचला होता. घर सताड उघडे, विळी आडवी, माणूस नाही. धास्तावून तो किनाऱ्यावर आला, तर सारा वाडा समुद्राकडे पाहून आक्रंदत होता. कारण विचारत बसण्याची ही वेळ नव्हे, इतके त्याला कळले. गर्दीच्या मागे उभा राहून तोही जिवाच्या आकांताने ओरडू लागला, "फादर हॅज कम!"

चंद्राबाई गर्रकन वळली. तिने पदराने त्याच्या कपाळावरचे मीठ पुसले, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असे सुनावले, "मागल्या अंगानं यायचं असतं व्हय? आमी इकडं पुढं बघतोय!"

त्याच संध्याकाळी पुस्तक फळीवरून उतरले. "सोमवारी जायचं," चंद्राबाई नलूला म्हणाली. "तुज्या विंग्रजीनं बापाला आनलं."

क्रियापद घडलेल्या गोष्टीच्या मागून चालते, ते कुणाला आणत नाही, हे मास्तरांना सांगायचे होते. त्यांनी तोंड उघडलेही. चंद्राबाईचा हात अजून पुस्तकावर होता. त्यांनी तोंड मिटले.

सकाळी पडवीत म्हातारी नीराबाई येऊन बसली होती. तिचा सदा मुंबईच्या गोदीत कामाला होता आणि दोन शिमगे घरी फिरकला नव्हता.

"मास्तर, माज्या सदाचं बी म्हनाल का?"

मास्तरांची रात्र तळमळण्यात गेली होती. या माउलीला तरी खरे सांगायचे, असा त्यांनी निर्धार केला.

"आजी, असं बघा, इंग्रजीत नुसतं म्हटल्यानं..."

"थांबा, थांबा!" नीराबाई गुडघ्यांवर हात टेकून लगबगीने उठली. "इतक्यात म्हनू नका. आधी भात टाकून येते."