सप्रे मास्तरांची बिगरी

सप्रे मास्तर मुलांना ‘नको’ म्हणत नसत. ‘पळू नको’ नाही, ‘आपण चालूया.’ ‘ओरडू नको’ नाही, ‘आपण हळू बोलूया.’ एका कार्ट्याने शाईची दौत माझ्या धोतरावर उपडी केली, तेव्हा हे गृहस्थ त्याला म्हणाले, “आता आपण दौत सरळ ठेवूया हं, छान!” छान! धोतर माझं!

अंबरनाथच्या आमच्या शाळेत ते बिगरी शिकवत आणि तट्ट्याच्या भिंतीपलीकडे मी तिसरी. माझं शिक्षणशास्त्र सोपं होतं. टेबलावर छडी आपटली की चाळीस पोरं चिडीचूप. सप्रे मात्र मोठ्यांनाही सोडत नसत. एकदा हेडमास्तर शिपायावर उखडले, तर हे मधेच म्हणतात, “आपण पाणी पिऊया.” आणि काय सांगू, हेडमास्तर प्याले हो!

पण बिगरीत गलका फार. शेवटी हेडमास्तरांनी बजावलं, “या तपासणीत साहेबांनी नावं ठेवली, तर बिगरी जोशींकडे.” जोशी म्हणजे मी. सप्रे पांढरेफटक पडले. मला, खोटं कशाला बोलू, गुदगुल्या झाल्या.

तपासणीच्या दिवशी साहेब व्हरांड्यात दिसताच मी छडी अशी आपटली की टेबलावरचा खडू उडाला. माझ्या वर्गावर साहेब खूश. मग ते बिगरीत शिरले. मीही मागोमाग गेलो. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

पोरं पाटीवर गिरवत होती आणि मास्तर बेपत्ता! “मास्तर कुठायत रे?” साहेबांनी विचारलं. एकाने टेबलाकडे बोट दाखवलं. आम्ही वाकलो. टेबलाखाली सप्रे मांडी घालून बसलेले, टोपी वाकडी. शेजारी ईश्वरी, निर्वासितांच्या कँपातून इकडे राहायला आलेल्या सिंधी पापडवाल्याची पाच वर्षांची पोर. तिने दोन्ही तळव्यांनी मास्तरांचे कान घट्ट झाकले होते.

“डरो मत, मास्तर,” ती सांगत होती, “अभी बंद होगा.”

साहेब कडाडले, “हा काय पोरखेळ?” सप्रे बाहेर आले. माझ्या छडीबद्दल अवाक्षर नाही. “चूक माझी, साहेब,” एवढंच बोलले. साहेबांनी तिथल्या तिथे वर्ग बदलायला सांगितला. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “मी घेणार नाही,” मी म्हणालो. “पोर घाबरली ती माझ्या छडीला.”

बिगरी सप्र्यांकडे राहिली, शेरा माझ्या नावावर आला. मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. “अहो, आधीच सांगायचंत ना!”

“छडी वाजली की ती टेबलाखाली शिरायची,” सप्रे म्हणाले. “बाहेर ये म्हटलं तर येईना. मग मीच आत गेलो. म्हटलं, मला भीती वाटते, माझ्याजवळ बसशील? त्या दिवसापासून तिचं रडणं थांबलं.”

“युक्ती झकास आहे तुमची.”

“युक्ती कसली, जोशीमास्तर?” ते खाली बघत म्हणाले. “माझे वडीलही मास्तर होते. मला खरंच भीती वाटते. पन्नाशी आली, पण आजवर माझे कान कुणी झाकले नव्हते.”